बिअरच्या कारखान्यातल्या केमिस्टने टोपणनावाने एक गणित छापलं, आज जगभरातल्या लॅब त्याच्यावर चालतात

उपाशीपोटी रक्त तपासायला दिलं. एका लॅबचा रिपोर्ट आला, साखर ११९. खात्री करायला दुसऱ्या लॅबमध्ये गेलात, तिथे आली १२७. पहिल्या रिपोर्टप्रमाणे तुम्हाला डायबेटिस नाही. दुसऱ्याप्रमाणे असू शकतो, कारण उपाशीपोटीची रेषा १२६ वर आखलेली आहे.

आता खरं कुणाचं मानायचं? मशीन बिघडलंय, माणूस चुकलाय, की दोघंही बरोबर आहेत आणि एवढा फरक पडणारच?

हा प्रश्न फक्त रक्ताचा नाही. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट किती, गोळीत औषध किती, दुधात फॅट किती, मातीत नत्र किती, सगळीकडे हेच. कुणीतरी नमुना घेतो, मोजतो आणि एक आकडा लिहून देतो. त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे सांगणारं एक गणित आहे. बी.फार्म, बीएस्सी ॲग्री, एमबीए, सायकॉलॉजी, यातलं काहीही शिकलेल्या माणसाच्या कानावरून त्याचं नाव एकदा तरी गेलेलं असतं. स्टुडंट्स टी-टेस्ट.

नाव ऐकून बऱ्याच जणांना वाटतं, विद्यार्थ्यांसाठी सोपी करून दिलेली एखादी टेस्ट असावी. तसं काही नाही. स्टुडंट हे एका माणसाचं टोपणनाव होतं. हा माणूस कुठल्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. तो बिअर बनवायचा.

त्याचं खरं नाव विल्यम सीली गॉसेट.

सैन्यात जायचं होतं, पण डोळे आडवे आले

गॉसेटचा जन्म १३ जून १८७६ चा, इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. वडील ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल. मुलानेही तिकडेच जायचं ठरवलं होतं, पण नजर कमजोर निघाली आणि तो रस्ता बंद झाला. मग तो विंचेस्टर कॉलेज या शाळेतून ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये गेला. तिथे गणिताची परीक्षा दिली आणि १८९९ मध्ये केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास मिळवला.

त्याच वर्षी त्याला डब्लिनमधून नोकरी आली. कंपनी होती गिनीज.

गिनीज म्हणजे तीच, काळ्या रंगाच्या स्टाउट बिअरवाली. १७५९ मध्ये आर्थर गिनीजने डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट इथली जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने घेतली होती आणि करार केला होता तब्बल ९,००० वर्षांचा. गॉसेट रुजू झाला तोवर तो जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कारखान्यांपैकी एक झाला होता.

एवढ्या मोठ्या प्रमाणावर बिअर बनवायची तर जुन्या उस्तादांच्या नाकावर आणि जिभेवर सगळं सोडून चालत नाही. आज चव अशी, उद्या तशी, हे गिऱ्हाईक खपवून घेत नाही. म्हणून १८९० च्या दशकात गिनीजने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून विज्ञानाची ताजी पोरं उचलायला सुरुवात केली. बार्ली, हॉप्स, माल्ट, यीस्ट, सगळं लॅबमध्ये मोजायचं आणि मग ठरवायचं, असा कंपनीचा नवा खाक्या होता.

मोजायला सुरुवात झाली आणि खरी डोकेदुखी सुरू झाली.

८.१ आणि ८.४, यातलं मोठं कोण?

हॉप्स ही बिअरला कडवटपणा देणारी फुलं. त्यांच्यात मऊ राळ असते. ती जितकी जास्त तितका हॉप्स चांगला, असा हिशोब. गॉसेट यायच्या आधी, १८९८ मध्ये, गिनीजच्याच थॉमस केस नावाच्या केमिस्टने हॉप्सच्या दोन लॉटमधली राळ मोजली. एका लॉटचे ११ नमुने घेतले, सरासरी आली ८.१ टक्के. दुसऱ्याचे १४ घेतले, सरासरी आली ८.४ टक्के.

मग दुसरा लॉट भारी म्हणायचा का? त्यासाठी जास्त पैसे मोजायचे का? की उद्या पुन्हा नमुने घेतले तर आकडे उलटे येतील? केसला हे सांगता येईना. फरक दिसत होता, पण तो हॉप्सचा फरक आहे की मोजण्यातला चढउतार, हे ओळखायचं साधन नव्हतं.

असंच माल्टचं. माल्टमधून साखर किती निघते यावर बिअरची ताकद ठरते. गिनीजला ठराविक माल्टमागे १३३ अंश हवे असत, फार तर अर्धा अंश इकडे तिकडे. कमी पडले तर गिऱ्हाईक कुरकुरणार. जास्त झाले तर सरकारला जास्त कर भरावा लागणार, कारण ब्रिटनमध्ये बिअरवरचा कर तिच्या घनतेवर लागायचा. म्हणजे लॅबमधला अर्धा अंश थेट कंपनीच्या गल्ल्यात जाऊन बसत होता.

मग माल्ट किती वेळा मोजायचा? एकदा मोजून भरवसा नाही. शंभर वेळा मोजायला वेळ आणि पैसा नाही. नेमकं किती वेळा मोजलं म्हणजे पुरे?

गॉसेटने या प्रश्नाला हात घातला. माल्टच्या मोजण्यांची आकडेमोड करून त्याने दाखवलं की दोन मोजण्यांची सरासरी घेतली तर ती अर्ध्या अंशाच्या आत राहण्याची शक्यता पाचात चार एवढी आहे. चार मोजण्या घेतल्या तर ती तेरात बारापर्यंत जाते. कंपनीला चालेल असा धोका अकरात एकाचा होता. म्हणजे चार वेळा मोजलं की काम भागतं. ८२ वेळा मोजलं तर जवळपास पक्कीच खात्री, पण तेवढ्या खात्रीची किंमत कोण देणार?

इथे या माणसाचं वेगळेपण लक्षात येतं. त्याला परिपूर्ण सत्य नको होतं. किती खात्री हवी आणि त्यासाठी किती खर्च करायचा, हे त्याच्या डोक्यात कायम एकत्र असायचं.

सायकलवरून गुरूच्या दारात

१९०४ मध्ये गॉसेटने कंपनीसाठी एक अंतर्गत अहवाल लिहिला. विषय होता, मोजण्यातल्या चुकांचं गणित बिअरच्या कारखान्यात कसं वापरायचं. त्यात त्याने सुचवलं की आपण एखाद्या खऱ्या गणितज्ञाला विचारायला हवं.

त्या काळी या विषयातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे लंडनचे प्रोफेसर कार्ल पिअर्सन. १९०५ च्या उन्हाळ्यात पिअर्सन सुट्टीसाठी एका खेड्यात राहिले होते. गॉसेट सायकल हाणत तिथे पोचला आणि आपले प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले. पिअर्सननी त्या एका भेटीत त्याला तेव्हाच्या बऱ्याचशा पद्धती समजावून सांगितल्या.

पुढच्या वर्षी गिनीजने त्याला पगारी रजा देऊन वर्षभर लंडनला पिअर्सनच्या प्रयोगशाळेत पाठवलं. १९०६ मध्येच त्याचं मार्जरी फिलपॉट्स हिच्याशी लग्नही झालं होतं.

पण गंमत अशी की गुरूचं गणित चेल्याच्या कामाचं नव्हतं. पिअर्सन माणसांची उंची, कवटीची मापं अशा गोष्टींवर काम करायचे. त्यांच्याकडे शेकड्यांनी, हजारांनी मोजमापं असायची. गॉसेटकडे असायची चार, सात, फार तर दहा. एवढ्याशा आकड्यांवरून काही ठरवायचंच कशाला, असं पिअर्सनना वाटायचं. छोट्या नमुन्यांवर विसंबणं हा बिअरवाल्यांचा व्रात्यपणा आहे, अशी थट्टाही त्यांनी पुढे केली.

पण कारखान्यात, शेतात आणि लॅबमध्ये हजार मोजमापं मिळत नसतात. तिथे चारच मिळतात आणि निर्णय आजच घ्यायचा असतो.

यीस्ट मोजता मोजता पहिला पेपर

लंडनमध्ये गॉसेटने आधी यीस्टचा प्रश्न घेतला. बिअर आंबवताना यीस्ट कमी पडलं तर आंबणं अर्धवट राहतं, जास्त झालं तर बिअर कडवट होते. म्हणून किती यीस्ट टाकलं ते मोजावं लागतं. त्यासाठी द्रवाचा थेंब एका खास काचेवर घ्यायचा. त्या काचेवर बारीक चौकटी आखलेल्या असतात. मायक्रोस्कोपखाली चौकटीतल्या पेशी मोजायच्या आणि त्यावरून सगळ्या टाकीचा अंदाज बांधायचा.

प्रश्न असा की थेंबात पेशी सारख्या पसरत नाहीत. एका चौकटीत तीन, शेजारच्या चौकटीत एकही नाही. मग या मोजणीत चूक किती धरायची?

गॉसेटने १९०७ मध्ये याचं उत्तर छापलं. ते सोप्या भाषेत असं की चूक ठरते ती एकूण किती पेशी मोजल्या त्यावर. १०० पेशी मोजल्या तर साधारण १० चा फरक सहज पडू शकतो, म्हणजे १० टक्के. ४०० मोजल्या तर साधारण २० चा, म्हणजे ५ टक्के. चूक निम्मी करायची तर मोजणी चौपट करावी लागते. रक्तातल्या पेशी जिथे आजही मायक्रोस्कोपखाली हाताने मोजतात, तिथे हाच हिशोब लागू होतो.

आता हा पेपर छापायचा कुणाच्या नावाने? इथे गिनीज आडवी आली.

नाव नको, बिअर नको, गिनीज तर नकोच

असं सांगतात की आधी एका कर्मचाऱ्याने कारखान्यातली माहिती छापून टाकली होती आणि त्यानंतर कंपनीने कुणीही काहीही छापायचं नाही असा दंडक घातला होता. शिवाय एक व्यवहारी भीती होतीच. आपण गणित वापरून बार्ली आणि हॉप्स निवडतो हे बाकीच्या बिअरवाल्यांना कळलं तर त्यांनाही ते सुचेल.

गॉसेटला परवानगी मिळाली, पण अटींवर. स्वतःचं नाव टाकायचं नाही आणि कारखान्यातली माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून नाव ठरलं, स्टुडंट. पुढे गिनीजमधल्या आणखी काही जणांनी असेच पेपर छापले. त्यांची टोपणनावंही शिकणाऱ्याच्याच अर्थाची, एक सॉफिस्टर आणि एक मॅथेटीस.

स्टुडंटचा दुसरा मोठा पेपर १९०८ मध्ये पिअर्सन यांच्याच बायोमेट्रिका नावाच्या नियतकालिकात आला. या पेपरने त्याला अजरामर केलं, पण नाव अजरामर झालं ते स्टुडंटचं.

३,००० गुन्हेगार आणि पत्त्यांचा खेळ

या पेपरमध्ये होतं काय?

समजा एका गोळीत ५०० मिलिग्रॅम औषध असायला हवं. तुम्ही चार गोळ्या तपासल्या. आले ४९८, ५०२, ४९५ आणि ५०५. सरासरी बरोब्बर ५००. पण खरी सरासरी, म्हणजे अख्ख्या बॅचची, कुठे असेल? तिच्याभोवती एक पट्टा आखावा लागतो. पट्टा किती रुंद हे आकडे एकमेकांपासून किती विखुरलेत त्यावर ठरतं.

जुनी पद्धत अशी होती की चार आकड्यांतून जो विखुरलेपणा दिसतोय तोच खरा धरायचा आणि पट्टा आखायचा. या गोळ्यांसाठी तो ४९६ ते ५०४ येतो.

गॉसेटचं म्हणणं, इथेच फसगत आहे. चार आकड्यांवरून सरासरी जशी अंदाजाने काढली, तसा विखुरलेपणाही अंदाजानेच काढलाय. तो अंदाज चुकू शकतो. कधी योगायोगाने चारही आकडे जवळ जवळ येतात आणि आपली मोजणी फार अचूक आहे असं वाटतं. नमुना जितका छोटा, तितका हा धोका मोठा.

गॉसेटने यासाठी नवं सूत्र मांडलं. पण सूत्र बरोबर आहे हे तपासायचं कसं? कॉम्प्युटर तर नव्हताच. त्याने एक भारी शक्कल लढवली. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी ही माहिती आधीच छापून आली होती. गॉसेटने ती ३,००० पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पत्ते पिसावेत तशी नीट पिसली आणि चार चारचे ७५० गट पाडले. प्रत्येक गटाची सरासरी काढली, विखुरलेपणा काढला आणि आपल्या सूत्राशी ताडून पाहिलं. सूत्र जुळलं.

आज कॉम्प्युटरवर हजारो वेळा आकडे पिसून जे केलं जातं, ते या माणसाने हाताने केलं होतं.

स्टुडंटच्या पद्धतीने आपल्या चार गोळ्यांचा पट्टा येतो ४९३ ते ५०७. जुन्या पट्ट्याच्या दीडपटीहून जास्त. म्हणजे चार मोजण्यांवर आपण जेवढा भरवसा ठेवत होतो, तेवढा ठेवण्याची लायकी त्यांच्यात नव्हती.

यामागचा हिशोब आज प्रत्येक संख्याशास्त्राच्या पुस्तकात मागे तक्त्यात असतो. भरपूर मोजमापं असतील तर ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ ने गुणायचं. दहाच असतील तर २.२६ ने. चार असतील तर ३.१८ ने. आणि दोनच असतील तर थेट १२.७ ने. नमुना छोटा असला तरी चालेल, पण अज्ञानाची किंमत मोजा, असं हा तक्ता सांगतो.

कुणी ढुंकूनही पाहिलं नाही

एवढं सगळं झालं आणि पेपर पडून राहिला. गिनीजबाहेर जवळपास कुणी वापरला नाही. मोठ्या प्राध्यापकांकडे मोठे नमुने होते, त्यांना याची गरज नव्हती.

१९१२ मध्ये केंब्रिजमधल्या एका तरुणाचं पत्र आलं. नाव रोनाल्ड फिशर, वय २२. स्टुडंटच्या सूत्राची पक्की गणिती सिद्धता त्याने पाठवली होती. ती इतकी अवघड होती की गॉसेटला काही कळेना. त्याने ती पिअर्सनना पाठवून दिली आणि त्यांचं मत विचारलं.

हा फिशर पुढे आधुनिक संख्याशास्त्राचा बाप ठरला. गॉसेटच्या सूत्राला आजचं टी हे रूप त्याच्याच हातून मिळालं. १९२५ मध्ये त्याने संशोधकांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात स्टुडंटची टेस्ट घातली आणि ती शेती, औषधं, लॅब सगळीकडे पोचली. गॉसेटला स्वतःला मात्र आधी वाटत होतं की हे तक्ते फिशरशिवाय कुणी वापरणार नाही.

पिअर्सन आणि फिशर यांचं आपसात हाडवैर होतं. दोघांशी शेवटपर्यंत दोस्ती टिकवणारा माणूस म्हणजे गॉसेट.

म्हणून फिशरशी त्याचे मतभेद नव्हते असं नाही. नव्या जातीच्या बार्लीची शेतात चाचणी घेताना कुठल्या वाफ्यात कुठली जात लावायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं, असं फिशर म्हणायचा. गॉसेट आयर्लंडच्या शेतांमध्ये वर्षानुवर्षं बार्लीच्या चाचण्या घेत होता. जमिनीचा कस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत जातो हे त्याला ठाऊक होतं. चिठ्ठीने एकच जात सगळी चांगल्या टोकाला गेली तर काय करणार, असा त्याचा सवाल. त्यापेक्षा जाती शेजारी शेजारी, समतोल लावा, असं तो म्हणायचा. हा वाद त्याच्या मरणापर्यंत मिटला नाही.

२०,००० मुलं, दूध आणि एक दयाळू चूक

१९३० मध्ये स्कॉटलंडच्या लॅनर्कशायरमध्ये एक अवाढव्य प्रयोग झाला. शाळेतल्या मुलांना दूध दिल्याने वाढ चांगली होते का? २०,००० मुलं निवडली. १०,००० मुलांना फेब्रुवारी ते जून रोज पाऊण पाइंट, म्हणजे साधारण सव्वाचारशे मिलिलिटर दूध दिलं. बाकीच्या १०,००० ना नाही. आधी आणि नंतर वजन आणि उंची मोजली. खर्च आला सुमारे ७,५०० पौंड.

नमुना छोटा असल्याची तक्रार इथे कुणीच करू शकत नव्हतं. तरी १९३१ मध्ये स्टुडंटने या प्रयोगाची चिरफाड केली.

मुलं निवडताना आधी चिठ्ठी किंवा आडनावाच्या अक्षरावरून गट पाडायचे होते. पण एखाद्या गटात अंगाने भरलेली किंवा अगदी किरकोळ मुलं जास्त वाटली तर शिक्षकांनी मुलं बदलावीत, अशी मुभा ठेवली होती. आणि शिक्षक हीसुद्धा माणसंच. समोर एक खात्यापित्या घरचं पोर आणि एक उपाशी पोर असेल तर दूध कुणाला द्यावंसं वाटेल? नकळत दूध गरीब मुलांकडे गेलं. आकडेही तेच सांगत होते. दूध न मिळालेली मुलं सुरुवातीलाच जास्त उंच आणि जास्त वजनाची होती.

दुसरी भानगड कपड्यांची. मुलांची वजनं कपड्यांसकट केली होती. पहिलं वजन फेब्रुवारीच्या कडाक्यात, दुसरं जूनमध्ये. खात्यापित्या घरच्या मुलांच्या अंगावर हिवाळ्यात जाड लोकरी कपडे, उन्हाळ्यात हलके. त्यांचं वजन कपड्यांमुळेच घटलेलं दिसणार. गरीब मुलांकडे दोन ऋतूंचे वेगळे कपडे असतील कशाला? मग दूध पिणाऱ्यांचं वजन जास्त वाढलं, यात दुधाचा वाटा किती आणि कोटाचा किती?

स्टुडंटने सुचवलं, जुळ्या मुलांच्या, त्याही एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या ५० जोड्या घ्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दूध द्या, एकाला नको. खर्च या प्रयोगाच्या एकदोन टक्के येईल आणि उत्तर जास्त खात्रीचं मिळेल.

जो माणूस छोट्या नमुन्यांसाठी ओळखला जातो, त्याने इथे मोठ्या नमुन्याचा भ्रम फोडला. चूक दोन प्रकारची असते. एक कधी वर, कधी खाली जाते, ती जास्त मोजण्या घेतल्या की विरत जाते. दुसरी कायम एकाच बाजूला ओढते. वजनकाटा १०० ग्रॅम जास्त दाखवत असेल तर लाख वेळा मोजा, चूक १०० ग्रॅमच राहणार.

लॅबमधली तारीख

हाच मुद्दा गॉसेटने १९२७ मध्ये लॅबच्या रोजच्या तपासण्यांवरच्या पेपरमध्ये मांडला होता. तो टी-टेस्टएवढा गाजला नाही, पण लॅबवाल्यांसाठी त्याचं मोल फार मोठं आहे.

एकाच नमुन्याची एकाच बैठकीत दोनतीनदा तपासणी केली की आकडे छान जुळतात. मग केमिस्ट खूश होतो, आपली पद्धत एकदम अचूक. पण तोच नमुना पुढच्या आठवड्यात तपासा, आकडा हललेला असतो. एका दिवशीच्या चुका एकमेकींच्या बहिणी असतात. तेच रसायन, तेच तापमान, तीच काच, तोच माणूस. सगळे आकडे एकाच बाजूला सरकलेले असतात, म्हणून ते आपसात जुळतात. इतक्या वर्षांच्या अनुभवात तारखेचा परिणाम होत नाही अशी एकही तपासणी आपण पाहिलेली नाही, असं त्याने या पेपरमध्ये नोंदवलं.

म्हणजे दोन माल्टमधला फरक बघायचा तर ते एकाच दिवशी शेजारी शेजारी तपासा. आणि एखाद्या आकड्याची खरी खात्री करायची तर तपासण्या वेगवेगळ्या दिवशी करा. आज लॅबच्या भाषेत याला रिपीटेबिलिटी आणि रिप्रोड्युसिबिलिटी असे दोन वेगळे शब्द आहेत. एखादी पद्धत मान्य करण्याआधी दोन्ही तपासतात. शिवाय ज्याचं उत्तर आधीच पक्कं माहीत आहे असा प्रमाणित नमुना मध्ये मध्ये तपासून काटा एका बाजूला झुकला नाही ना, हेही बघतात.

आणि या गंभीर पेपरच्या तळटीपेत गॉसेटने चक्क एक प्लॅटिपस आणि दोन कांगारू काढले होते. आकड्यांचे आलेख कधी बसके असतात, कधी लांब शेपटीचे. त्यांची अवघड नावं लक्षात राहावीत म्हणून ही चित्रं.

नाव शेवटपर्यंत दारामागे

माणूस असाच होता. मासेमारी, सायकल, बागकाम, स्वतः होड्या बांधणं, हे त्याचे छंद. हातात येईल त्या कागदावर गणितं करायचा. १९३४ मध्ये मोटारीच्या अपघातात पाय मोडला आणि काही महिने अंथरुणात गेले, तेव्हाही त्याची आकडेमोड चालूच होती.

१९३५ मध्ये गिनीजने लंडनच्या पार्क रॉयलमध्ये नवा कारखाना काढला आणि त्याची जबाबदारी गॉसेटवर टाकली. १९३७ मध्ये तो कंपनीचा हेड ब्रूअर झाला. हे त्याच्या धंद्यातलं सगळ्यात मोठं पद. पण ते फार दिवस लाभलं नाही. १६ ऑक्टोबर १९३७ ला हृदयविकाराने तो गेला. वय ६१.

तीस वर्षं तो पेपर लिहीत राहिला आणि जवळपास सगळे स्टुडंट याच नावाने आले. संख्याशास्त्रातल्या जवळच्या लोकांना खरं माहीत होतं, पण जगाच्या पुस्तकात तेच नाव छापलं गेलं आणि आजही तेच आहे.

त्याच्या प्रश्नाचा धागा महाराष्ट्रापर्यंतही पोचला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमधून १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकायला गेले. हे तेच कॉलेज, जिथे गॉसेट गेला होता. दोन छोट्या नमुन्यांचा विखुरलेपणा वेगवेगळा असेल तर त्यांच्या सरासरीतला फरक कसा जोखायचा, या टी-टेस्टच्या पुढच्या कोड्यावर सुखात्मे यांनी १९३८ मध्ये पेपर लिहिला. पुढे भारतातल्या शेतीच्या आकडेवारीला त्यांनी शिस्त लावली.

आता परत त्या दोन रिपोर्टकडे येऊ. ११९ आणि १२७. स्टुडंटला विचारलं असतं तर त्याने आधी तुम्हालाच प्रश्न केले असते. दोन्ही तपासण्या एकाच दिवशी झाल्या का? किती वेळा मोजलं? तोच नमुना तीच लॅब पुन्हा तपासते तेव्हा आकडा किती हलतो? मशीनला माहीत असलेल्या नमुन्यावर शेवटचं कधी तपासलं?

डॉक्टरही नेमकं हेच करतात. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवरून डायबेटिसचा शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करायला सांगतात. रिपोर्टवर एकच आकडा छापलेला असतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना एक न छापलेला पट्टा असतो. तो पट्टा बघायला शिकवणाऱ्या माणसाचं नाव विल्यम सीली गॉसेट. पुस्तकात मात्र त्याला स्टुडंट म्हणूनच शोधावं लागतं.